परवानग्या कापण्याआधी ओसीचं बोला

मुंबईत एक युक्तिवाद गेली काही वर्षं सतत ऐकू येतो. बांधकाम व्यावसायिकांच्या परिषदांत तो असतो, वर्तमानपत्रांच्या मालमत्ता पुरवण्यांत असतो, आणि आता आमच्यासारख्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या सभांतही लोक तो मांडतात. इमारत बांधायला एवढ्या परवानग्या कशाला? आराखडा नियमांत बसतो असं आर्किटेक्टने सही करून लिहून द्यावं आणि काम सुरू व्हावं. परवानग्यांचं जंजाळ गेलं की घरं लवकर होतील, स्वस्त होतील, आणि टेबलाखालचा व्यवहारही आपोआप थांबेल.

हे म्हणणारे सगळेच बिल्डर नाहीत, म्हणून या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं. बोरिवलीत किंवा घाटकोपरमध्ये सी-वन, म्हणजे अतिधोकादायक असल्याची, नोटीस लागलेली इमारत रिकामी करून भाड्याच्या घरात राहणारे निवृत्त लोकही हेच म्हणतात. मुलगा सांगतो, फाइल अडकली आहे. भाड्याचा चेक दोन महिने उशिरा येतो. अशा माणसाला परवानगी हा शब्दच शत्रूसारखा वाटू लागतो, आणि त्याचा राग खरा आहे. पण तो ज्या उपायाच्या मागे उभा केला जातो आहे, तो उपाय त्याच्याच मुळावर येणारा आहे. मुलुंड पूर्वेतल्या एका गृहनिर्माण संस्थेचा मी अनेक वर्षं सेक्रेटरी होतो. या विषयातलं जे मला कळतं ते महापालिकेच्या कायद्यांइतकंच त्या सोसायटीच्या कपाटातल्या फायलींनी शिकवलेलं आहे.

पहिला दाखला दिला जातो तो जागतिक बँकेचा. 'डूइंग बिझनेस' अहवालात बांधकाम परवान्यांच्या बाबतीत भारत 2017 मध्ये 181व्या क्रमांकावर होता. 2018 मध्ये तो 52व्या क्रमांकावर आला आणि 2019 मध्ये 27व्या. मुंबई महापालिकेने अर्ज ऑनलाइन केले, ना-हरकत दाखले एका ठिकाणी आणले, आणि मुंबई-दिल्ली या दोन शहरांच्या मोजमापावर देशाचा क्रमांक वर गेला, हे खरं आहे. कामही झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मोजलं काय होतं? त्या पाहणीतली नमुना इमारत होती दोन मजली गोदाम, साधारण 1,300 चौरस मीटरचं, माल ठेवण्यासाठी. गोदामात कोणी झोपत नाही. तिथे जुने सभासद नसतात, संक्रमण भाडं नसतं, शेजारच्या सोसायटीची भिंत नसते. आमच्या उपनगरांत परवानगी लागते ती बहुतेक वेळा पन्नास वर्षं जुनी चार मजली इमारत पाडून त्या जागी वीस मजले उभे करायला, तेही जुने रहिवासी परत येणार या भरवशावर. गोदामाचा क्रमांक सुधारला म्हणून या रहिवाशाचं काम झालं, असं म्हणता येत नाही. तो अहवालच जागतिक बँकेने सप्टेंबर 2021 मध्ये कायमचा बंद केला, कारण काही देशांच्या आकड्यांत गडबड आढळली होती. भारताच्या आकड्यांवर तो ठपका नव्हता, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. माझा आक्षेप आकड्यांच्या खरेपणावर नाही. मोजायला निवडलेल्या वस्तूवर आहे.

दुसरा दाखला छोट्या शहरांचा. मुंबई वगळून उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियमावली लागू आहे. तिच्यात लहान भूखंडावरच्या घरासाठी परवानगी सोपी केली आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आधी परवानगी घेण्याची गरजच ठेवलेली नाही. आराखडा, सही आणि शुल्क यांवर काम सुरू होतं. मग लोक विचारतात, साताऱ्यात चालतं ते मुलुंडमध्ये का नाही?

मला ही सवलत मान्य आहे, मनापासून मान्य आहे. साताऱ्यात किंवा चिपळूणमध्ये आयुष्याची पुंजी घालून घर बांधणारा माणूस त्याच घरात राहणार असतो. स्लॅबच्या सळ्या तो स्वतः मोजतो, पाणी मारलं की नाही हे सकाळी जाऊन बघतो. तिथे नियम मोडण्याचा तोटा मोडणाऱ्यालाच होतो, म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं शहाणपणाचं आहे. उपनगरात बांधणारा राहत नाही. तो बांधतो, विकतो आणि पुढच्या प्लॉटवर जातो. बऱ्याचदा तो प्रकल्प एका वेगळ्या कंपनीच्या नावावर असतो, आणि काम संपल्यावर त्या कंपनीत नोटीस घ्यायलाही माणूस उरत नाही. सही करणारा आर्किटेक्ट त्यानेच नेमलेला आणि फी त्यानेच दिलेली असते. इथे स्वयंप्रमाणन म्हणजे ज्याला त्या छताखाली झोपायचं नाही, त्यानेच छत ठीक असल्याचा दाखला देणं. छोट्या गावातला चांगला नियम उचलून आणताना तो कशामुळे चांगला होता, हेच मागे राहून गेलं.

हा कल्पनेतला धोका नाही. बिल्डरने दिलेला कागद खरा मानला तर काय होतं, ते आपण डोंबिवलीत पाहिलं आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या कागदांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाची, नोंदणी मिळाली, नोंदणी क्रमांक पाहून लोकांनी घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली. अशा 65 इमारती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा घरात देवघर मांडून बसलेल्या माणसांना कळलं की आपल्या परवानगीवरची सहीच खोटी होती. नालासोपाऱ्यात 2025 च्या सुरुवातीला 41 इमारती जमीनदोस्त झाल्या. ती जागा कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव होती. घरं गेली, हप्ते राहिले. महारेराने नंतर नियोजन प्राधिकरणांकडून परवानग्यांची खातरजमा करण्याची व्यवस्था सुरू केली. म्हणजे जी तपासणी आधीच हवी होती, ती लोक रस्त्यावर आल्यानंतर आली. आणि आता आपल्याला सांगितलं जातं की तपासणीच कमी करा.

त्याही आधी मुंब्र्याजवळच्या शीळफाट्यावर 4 एप्रिल 2013 रोजी लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. 74 माणसं गेली. परवानगी नव्हतीच, वरचे मजले चढत होते आणि खाली लोक राहत होते. परवानगी हा निव्वळ सरकारी हट्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या इमारतीचा विचार करावा. खड्ड्यात उतरून पाया मोजणारा एकही अभियंता तिच्या वाट्याला आला नाही.

आणि घाटकोपर. 25 जुलै 2017 रोजी दामोदर पार्कमधली सिद्धी-साई ही चार मजली इमारत कोसळली. तळमजल्यावर, नर्सिंग होमच्या जागेत, विनापरवाना फेरफार सुरू होते. 17 मृत्यू. 13 मे 2024 रोजी, वादळी पावसात, छेडानगरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अजस्र फलक पडला. पुन्हा 17 मृत्यू. महापालिकेच्या नियमाप्रमाणे फलक जास्तीत जास्त 40 बाय 40 फुटांचा असू शकतो. हा 120 बाय 120 फुटांचा होता. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, त्यामुळे महापालिकेची परवानगी लागत नाही, ही भूमिका घेऊन तो उभा राहिला होता. पेट्रोल भरायला थांबलेल्या माणसाला कुठल्या खात्याची जमीन आणि कुठल्या खात्याचा अधिकार, हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. एका उपनगरात सात वर्षांच्या आत घडलेल्या या दोन्ही दुर्घटनांत परवानगी जास्त झाली म्हणून कोणी मेलं नाही. ती घेतली नाही, विचारली नाही, म्हणून माणसं गेली.

आता परवानगीचा कागद प्रत्यक्षात कसा असतो ते सांगतो. तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या बहुतेकांनी तो वाचलेला नसतो. मुंबईत आधी मिळते आयओडी (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल), 1888 च्या महापालिका कायद्याच्या कलम 346 खाली. आमच्या सोसायटीच्या कपाटात तिची झेरॉक्स होती. टाचणी गंजून पहिल्या पानावर तांबडा डाग पडलेला. तिच्यात अटींमागून अटी असतात. कामाला हात लावण्याआधीच्या अटी, प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, पुढे जाण्याआधीच्या अटी, ओसीआधीच्या, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राआधीच्या, अटी. मजुरांसाठी जनता विमा पॉलिसी काढा. पाण्याच्या टाकीला डास शिरणार नाहीत असं झाकण बसवा. रस्ता रुंदीकरणात जाणारी जमीन महापालिकेच्या नावावर करा. राडारोडा कुठे टाकणार ते आधी सांगा. अग्निशमन दलाचा, जल खात्याचा, पर्जन्य जलवाहिन्यांचा, वृक्ष प्राधिकरणाचा दाखला आणा. वाचताना कंटाळा येतो. पण एकेक अट घेऊन विचारा की हिच्यामुळे कोणाचं रक्षण होतं. मजुराचं, शेजाऱ्याचं, रस्त्यावरच्या माणसाचं, नाहीतर पुढे त्या घरात राहणाऱ्याचं. बिल्डरच्या रक्षणाची अट त्या यादीत मला सापडली नाही.

आयओडीनंतर सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला, तोही आधी फक्त प्लिंथपर्यंत. मग प्लिंथ चेकिंग. मला या सगळ्या प्रक्रियेतला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. पाया जमिनीच्या वर आलेला असतो, भिंती नसतात, लपवायला काही नसतं. टेप लावून कंपाउंडच्या भिंतीपासून प्लिंथपर्यंतचं अंतर मोजायचं आणि मंजूर नकाशाशी ताडून बघायचं. इमारत अर्धा मीटर पुढे सरकवली असेल तर ती इथे पकडली जाते. इथे सुटली की मग वीस मजले चढतात आणि त्या चुकीला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. ही मोजणी मनापासून झाली तर पुढे फर्दर सीसी. ज्यांना परवानग्या कमी करायच्या आहेत त्यांनी या साखळीतली कुठली कडी काढायची ते नाव घेऊन सांगावं. प्लिंथ चेकिंग? अग्निशमनचा दाखला? 'जंजाळ' असं मोघम बोलणं सोपं असतं.

'पण उशीर होतो, त्याचं काय?' होतो. मात्र तो कुठे होतो ते बघा. महापालिकेने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असं मानलं जाईल, ही तरतूद महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यात कलम 45 मध्ये आहेच; अट एवढीच की आराखडा नियमांत चोख बसला पाहिजे. ज्यांची फाइल खरोखर नियमांत बसते त्यांच्या हाती हे हत्यार जवळपास साठ वर्षं आहे. ते का वापरलं जात नाही? कारण उपनगरातल्या फाइली बहुतेक वेळा सवलत मागणाऱ्या असतात. बाजूची मोकळी जागा कमी पडते, ती माफ करा. जिना आणि लिफ्टची जागा एफएसआयमधून (चटई क्षेत्र निर्देशांकातून) वगळा. सवलत म्हणजे आयुक्तांचा स्वेच्छाधिकार आणि त्यावर भरायचा प्रीमियम. फाइल सब-इंजिनिअरपासून वर चढत आयुक्तांपर्यंत जाते ती तिथे. वेळ नियम लावण्यात जात नाही, तो नियम वाकवून घेण्यात जातो.

काही उशीर महापालिकेच्या हातचाच नाही. सांताक्रूझ, विलेपार्ले, कुर्ला या पट्ट्यांत विमानतळाच्या फनेल झोनमुळे उंचीला मर्यादा आहे. दहिसरच्या विमानतळ प्राधिकरणाच्या रेडिओ केंद्राने आसपासच्या जुन्या सोसायट्या वर्षानुवर्षं अडवून ठेवल्या. कांदिवलीत संरक्षण खात्याच्या डेपोभोवती निर्बंध आहेत. मुलुंड आणि बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र लागून आहे. घाटकोपरच्या पंतनगरसारख्या म्हाडा वसाहतीत परवानगीचं टेबलच वेगळं, झोपडपट्टी पुनर्वसनात आणखी वेगळं. आर्किटेक्टच्या स्वयंप्रमाणनाने यातलं काहीही सुटत नाही. रेडिओ केंद्र हलवायचं तर सरकारांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि तो प्रश्न त्यांनाच विचारायला हवा.

उपनगरांत सगळ्यांत मोठी अडवणूक झाली ती कचऱ्यामुळे. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमी भरून वाहत होत्या, म्हणून 29 फेब्रुवारी 2016 रोजी उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्याला मनाई केली. पुनर्विकास त्यातून वगळला होता. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राडारोड्याच्या विल्हेवाटीच्या अटी घालून सवलत दिली. त्या दोन वर्षांत बिल्डरांनी आरडाओरडा केला तो परवानगीविरुद्ध. मुलुंड पूर्वेला उन्हाळ्याच्या संध्याकाळी खिडक्या लावून बसणाऱ्या आम्हाला मात्र न्यायालयाचं म्हणणं अगदी सरळ वाटलं होतं: आहे तो कचरा टाकायला जागा नाही, तर आणखी हजारो घरांचा कुठे टाकणार? परवानगी थांबली तेव्हा शहराने न केलेलं काम उघड्यावर आलं. काम करण्याऐवजी परवानगीच काढून टाकली असती तर ते झाकलं गेलं असतं, एवढंच.

स्वस्ताईचं म्हणाल, तर त्याचीही एकदा परीक्षा झाली आहे. जानेवारी 2021 मध्ये राज्य सरकारने दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून बांधकामाचे प्रीमियम वर्षभरासाठी निम्मे केले. बदल्यात घर घेणाऱ्याची स्टॅम्प ड्यूटी बिल्डरने भरायची अट घातली. 31 डिसेंबरची मुदत गाठण्यासाठी वर्षअखेरीस फाइलींची झुंबड उडाली. मुलुंडमध्ये किंवा अंधेरीत त्यामुळे घरांचे दर उतरले, असं सांगणारा एकही ग्राहक मला भेटलेला नाही. घराचा दर लोकांच्या ऐपतीवर आणि जागेच्या टंचाईवर ठरतो. परवानगीचा खर्च वाचला तर तो आधी नफ्यात जातो. प्रीमियम जास्त आहेत हे मी मान्य करतो, त्यावर भांडायलाही तयार आहे. उपनगरात मूळ एफएसआय एक, आणि त्यावरचं जवळपास सगळंच विकत घ्यायचं, ही रचना महापालिकेला आणि सरकारला पैशांची चटक लावणारी आहे. पण तो महसुलाचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर महसुलातच शोधा. जिन्याची रुंदी आणि आगीच्या बंबाची वाट त्या सौद्यात ओढू नका. मोकळी जागा कमी ठेवल्याबद्दल पैसे घेऊन ती माफ करणं, हाच मुळात चुकीचा पायंडा आहे. पैसे भरले म्हणून बंबाला वळायला जागा होत नाही.

लाचेबद्दलही तेच. लाच परवानग्यांच्या संख्येत नसते. ती गुप्ततेत आणि मर्जीत असते. कोणत्या इमारतीला कोणती सवलत, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या सहीने दिली, हे बांधकामाच्या पत्र्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला लावा. शेजारची सोसायटी ते वाचेल. उद्या फ्लॅट घेणारा फोटो काढून नेईल. ज्या टेबलावर चारचौघांची नजर आहे तिथे पाकीट सरकवणं अवघड होतं. या मागणीसाठी बिल्डरांच्या परिषदेत ठराव झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता ज्या कागदाबद्दल हा युक्तिवाद करणारे अवाक्षर काढत नाहीत, त्याकडे येतो. ओसी. भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली, पाणी, ड्रेनेज, लिफ्ट, अग्निशमन सगळं जागेवर आहे, आता माणसांनी राहायला हरकत नाही, असं सांगणारा शेवटचा कागद. महाराष्ट्रात 1963 पासून मोफा कायदा आहे. पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये आणि घेणाऱ्याने घेऊ नये, असं तो स्पष्ट सांगतो. तरी 2025 च्या सप्टेंबरमध्ये उपनगराचे पालकमंत्री आशिष शेलार यांनी ओसी नसलेल्या इमारतींसाठी दिलासा धोरण जाहीर केलं, तेव्हा सांगितलेला आकडा होता 25,000 हून अधिक इमारतींचा. पंचवीस हजार इमारतींच्या फाइली आयओडी, सीसी, फर्दर सीसी असं सगळं पार करून शेवटच्या पायरीवर थांबल्या. परवानग्या अडवतात म्हणून बांधकामं होत नाहीत, हे यात कुठे बसतं? बांधकामं झाली, विक्री झाली, फक्त जबाबदारी पूर्ण झाली नाही.

आमची इमारत त्यांतलीच एक. नकाशात प्रत्येक बेडरूमच्या खिडकीबाहेर फ्लॉवर बेड होते. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलून फंजिबल एफएसआय येईपर्यंत अशा जागा एफएसआयमध्ये धरत नसत, त्यामुळे त्या दाखवण्याची चढाओढ होती. प्रत्यक्षात विकासकाने मधली भिंत काढून ती जागा खोलीत घेतली, त्या क्षेत्रफळाचे पैसे लावले आणि तो निघून गेला. काही वर्षांनी आम्ही वर्गणी काढून नवा आर्किटेक्ट नेमला. तो घरोघर टेप घेऊन फिरला, मी सोबत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खोलीत त्याने पलंग सरकवायला सांगितला. खाली टाइल्सच्या रांगेत एक जोड होता, अलीकडच्या फरशीहून पलीकडची फरशी किंचित फिकट. 'इथपर्यंत तुमची खोली, पुढचं फ्लॉवर बेड,' तो म्हणाला. काकू त्या जोडाकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, 'अहो, पैसे तर मी सगळ्याचे भरलेत. मग आता बेकायदा कोण, खोली की मी?'

या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2022 रोजी दिलं. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात. मुंबईतल्या या सोसायटीचे सभासद 1997 पासून राहत होते, ओसी नव्हती. त्यामुळे ते 25 टक्के जास्त मालमत्ता कर आणि 50 टक्के जास्त पाणीपट्टी भरत आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका बदलली: ओसी मिळवून देणं हे बिल्डरचं बंधन आहे, ती न मिळवणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि ओसी मिळेपर्यंत हे बंधन रोज मोडलं जातं, म्हणून मुदत संपत नाही. बेकायदा काकू नाहीत. त्यांच्यासाठी इतकं स्वच्छ उत्तर यायला त्या सोसायटीतल्या माणसांना पंचवीस वर्षं जास्तीची बिलं भरावी लागली.

आणि ओसी राहून का जाते, तर पैशांची रचनाच तशी आहे. महारेराच्या नमुना करारात घर घेणाऱ्याने कधी किती पैसे द्यायचे त्याचे टप्पे आहेत. प्लिंथ झाला की 45 टक्क्यांपर्यंत, स्लॅब झाले की 70 टक्क्यांपर्यंत, लिफ्ट, पंप, वीज जोडली की 95 टक्क्यांपर्यंत. ओसीनंतर ताब्याच्या वेळी उरतात फक्त पाच टक्के. बिल्डरला 95 टक्के आधीच मिळालेले असतात. रस्त्याची जमीन हस्तांतरित करणं, थकलेला प्रीमियम भरणं, वाढवलेलं बांधकाम काढणं, हे त्या पाच टक्क्यांहून महाग पडत असेल तर तो ओसीच्या मागे कशाला लागेल? माणसाच्या चांगुलपणावर सोडलेला हा शेवटचा कागद आहे, आणि म्हणूनच तो पंचवीस हजार ठिकाणी राहून गेला.

तेव्हा सुधारणा करायचीच असेल तर इथे करा. ओसीनंतर द्यायची रक्कम पाच टक्क्यांवरून किमान वीस टक्क्यांवर न्या. उशिराचा दोष महापालिकेचा असेल तर तिच्याकडून व्याज घ्या. बिल्डरांची ती तक्रार रास्त आहे, ती मान्य करा. ओसी मिळाल्याशिवाय त्याच विकासकाला, त्याच्या भागीदारांना, त्यांच्या नव्या कंपनीला शहरात दुसरी आयओडी देऊ नका. आणि दिलासा धोरणं आणताना दंड रहिवाशांकडून वसूल करू नका. काकूंनी एकाच खोलीचे पैसे दोनदा का भरायचे?

पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या सोसायट्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांची प्रत मागवा आणि सभेत वाचा. विकासकाकडून वीस टक्क्यांची बँक गॅरंटी घ्यायची तरतूद त्यात आहे. ती फक्त कागदावर ठेवू नका, आणि संपूर्ण इमारतीची ओसी हातात पडेपर्यंत परत करू नका. आयओडीची प्रत पहिल्या दिवशी घ्या, तिच्या अटी मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावा, पूर्ण होईल तशी एकेकीवर खूण करा. प्लिंथ चेकिंगच्या दिवशी सोसायटीचे दोन सभासद साइटवर उभे करा. आणि 'ओसी काय, येईल नंतर, तुम्ही सामान हलवा' असं कोणी कितीही गोड शब्दांत म्हणालं तरी चावी घेऊ नका.